गव्हाणीजवळचे बोलके प्राणी

नोव्हेंबर सरत आला की ठाण्याच्या बाजारात आणि शाळांतून भरणाऱ्या पुस्तकप्रदर्शनांत नाताळची चित्रपुस्तके दिसू लागतात. गुळगुळीत कागद, ठसठशीत रंग आणि पानोपानी प्राणी. एखाद्या पुस्तकात पवित्र मरियेला पाठीवरून नेणारे गाढव आपल्या भाग्याची गोष्ट स्वतःच सांगते. दुसऱ्यात गोठ्यातला उंदीर बाळासाठी लोकरीचा धागा ओढून आणतो. तिसऱ्यात कोकरू, घुबड, मांजर आणि कोंबडा ताऱ्याचा माग काढीत बेथलेहेमास पोहोचतात. चौथ्यात बेथलेहेम नसतेच. तेथे बर्फ असते आणि लाल नाकाचे सांबर असते. कळव्यासारख्या उपनगरात नगर, नाशिक, जालना ह्या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली, वसई-साष्टीकडची, गोव्या-मंगळूरची आणि केरळची अशी कॅथलिक कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. त्यांची मुले बहुधा इंग्रजी शाळेत जातात आणि ही पुस्तके त्यांच्या हाती सहज येतात.

ह्या पुस्तकांविषयी श्रद्धावंतांकडून आम्हांस दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. काही पालक म्हणतात, “शुभवर्तमानात जे नाही ते मुलांना का सांगावे? आज बोलणारे गाढव खोटे ठरले, तर उद्या बोलणारा देवदूतही खोटा ठरेल.” काही म्हणतात, “लहान मुलांची गंमत आहे, फादर. एवढे मनावर का घ्यायचे?” पहिल्या बोलण्यात श्रद्धेची काळजी आहे, दुसऱ्यात बालपणाची. दोन्ही काळज्या आम्हांला खऱ्या वाटतात. म्हणूनच ह्या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार करणे आम्ही योग्य समजतो. मुलाच्या मनात शिरणारी पहिली ख्रिस्तकथा हीच असेल, तर ती काय शिकवते हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

आधी शास्त्राकडे वळू. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो की मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळले आणि गव्हाणीत निजविले, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. तेथे बैलाचा उल्लेख नाही, गाढवाचा नाही. मेंढपाळ आले, पण कोकरू घेऊन आले असे तो म्हणत नाही. संत मत्तय ज्ञानी लोकांविषयी लिहितो, परंतु त्याच्या वृत्तांतात उंट नाहीत. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या येशूच्या बालपणावरील आपल्या पुस्तकात हीच गोष्ट नोंदविली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘पोपनी गोठ्यातून प्राणी हाकलले’ अशा थाटाच्या बातम्या दिल्या. वास्तविक त्यांनी त्याच ठिकाणी पुढे म्हटले होते की नाताळचा कोणताही देखावा बैलाला आणि गाढवाला कधी सोडणार नाही.

मग हे प्राणी आले कोठून? ते आले जुन्या करारातून. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आरंभीच परमेश्वर तक्रार करतो की बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखते, पण माझी प्रजा मात्र मला ओळखीत नाही. ‘गव्हाणी’ ह्या एका शब्दाने प्राचीन ख्रिस्ती वाचकांच्या मनात यशया आणि लूक जोडले गेले. चौथ्या शतकातील ख्रिस्ती शवपेट्यांवरील कोरीव कामात बाळ येशूजवळ बैल आणि गाढव दिसतात. काही ठिकाणी तर मरिया आणि योसेफ कोरलेले नाहीत, पण हे दोन प्राणी आहेत. म्हणजे प्राण्यांचे चित्र ही आजच्या प्रकाशकांची क्लृप्ती नव्हे. ते ख्रिस्तसभेच्या फार जुन्या मननाचे फळ आहे. आणि त्या मननात कौतुकापेक्षा कानउघाडणी अधिक होती. जनावराला जे कळले ते माणसाला कळले नाही, हा त्या चित्राचा अर्थ होता.

आणखी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. लूकने जनावरांची नावे घेतली नसली तरी गव्हाणीचे नाव घेतले आहे, आणि गव्हाणी म्हणजे जनावरांना वैरण घालण्याची जागा. कळव्याच्या इमारतींत वाढणाऱ्या बहुतेक मुलांनी गोठा पाहिलेला नाही. गव्हाणी हा शब्द त्यांना नाताळच्या गीतांतच भेटतो. त्यांना पाळणा आणि गव्हाणी ह्यांतला फरक कसा कळावा? चित्रात बैल नसेल तर गव्हाणी ही नुसती लाकडी पेटी उरते. बैल तेथे तोंड घालून उभा असला म्हणजे मुलाला कळते की देवाचा पुत्र जनावरांच्या खाण्याच्या जागी ठेवला गेला. पुढे मोठेपणी बेथलेहेम ह्या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे हे त्याला समजेल, मिस्साबलिदानात तोच प्रभू अन्न होऊन येतो हे समजेल, आणि लहानपणी पाहिलेले ते चित्र त्याच्या उपयोगी पडेल.

आता खरेखोटेपणाचा प्रश्न. संत ऑगस्टीन हा असत्याच्या बाबतीत अतिशय कठोर होता. जीव वाचविण्यासाठीसुद्धा खोटे बोलू नये असे त्याचे मत. परंतु इ.स. ४२० च्या सुमारास असत्याविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात तोच म्हणतो की इसापाच्या कथांत प्राणी बोलतात म्हणून इसापाला कोणी लबाड म्हटले नाही. होरेस कवीचा उंदीर उंदराशी बोलतो, ते असत्य नव्हे; कारण सांगणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात की शब्द उंदराचे असले तरी अर्थ माणसासाठी आहे. ह्याला आधार म्हणून तो शास्ते ह्या ग्रंथातील योथामची गोष्ट पुढे करतो. तेथे झाडे आपल्यासाठी राजा शोधत निघतात, जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल नकार देतात, आणि शेवटी काटेरी झुडूप राज्यावर बसते. पवित्र शास्त्रात झाडे बोलली. कोणाची श्रद्धा बुडाली नाही.

आपल्या मराठी घरांना तर हे मुद्दाम सांगायला नको. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे, हे ऐकत आपण सारे वाढलो. पंचतंत्र आणि हितोपदेश ह्याच भूमीतले. त्या चिमणीवर विश्वास ठेवला म्हणून मोठेपणी आईवरचा विश्वास कोणाचा उडाला नाही. मूल फसते ते वेगळ्या कारणाने. गोष्ट ‘गोष्ट’ म्हणून सांगितली तर ते फसत नाही. गोष्ट ‘घडलेली हकीकत’ म्हणून गळी उतरवली तर फसते. म्हणून आमचे पालकांना एवढेच सांगणे असते की चित्रपुस्तक वाचून झाले की त्याच बैठकीत संत लूकचा दुसरा अध्यायही वाचावा. मुलाने विचारले, “ह्यात उंदीर कुठे आहे?” तर सरळ सांगावे की उंदीर गोष्ट लिहिणाऱ्याने आणला; बाळ देवाने दिले. सात वर्षांच्या मुलाला हा फरक उत्तम कळतो.

तेव्हा प्राणी बोलतात ही अडचण नाही. ते काय बोलतात आणि कशासाठी, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

धर्मपरंपरेत मुके प्राणी क्वचितच बोलतात, पण बोलतात तेव्हा प्रसंग गंभीर असतो. गणना ह्या ग्रंथात बलाम ह्या द्रष्ट्याची गाढवी वाटेवर उभा असलेला परमेश्वराचा दूत पाहते. द्रष्ट्याला मात्र तो दिसत नाही, म्हणून तो तिला तीनदा मारतो. मग तिला वाचा फुटते आणि ती विचारते की मी तुझे काय वाईट केले. आमच्या महाराष्ट्राच्या परंपरेत पैठणच्या विद्वानांनी ज्ञानदेवादी भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून झिडकारले, तेव्हा रेड्याच्या मुखातून वेद उमटले असे सांगतात. दोन्ही कथांची ठेवण एकच आहे. जो पाहायला हवा होता त्याने पाहिले नाही, जे ऐकायला हवे होते ते माणसांनी ऐकले नाही, म्हणून जनावराला बोलावे लागले. अशा कथेत प्राण्याचे बोलणे माणसाच्या बहिरेपणावर बोट ठेवते.

ह्या कसोटीवर दोन प्रसिद्ध पुस्तके घासून पाहू. इंग्लंडच्या बीट्रिक्स पॉटर ह्यांचे ग्लॉस्टरच्या शिंप्याचे पुस्तक १९०३ साली बाजारात आले. नाताळच्या रात्री सारे प्राणी बोलू लागतात ह्या जुन्या लोकसमजुतीवर ते बेतलेले आहे. गरीब म्हातारा शिंपी मांजराने वाट्यांखाली कोंडलेले उंदीर सोडवितो आणि नंतर आजारी पडतो. नगराध्यक्षाच्या लग्नाचा कोट अपुरा राहतो. ते उंदीर रात्री गुपचूप बसून कोट शिवतात. धागा संपल्यामुळे एकच काज राहते. रागाने धागा लपवून ठेवणारे मांजर शेवटी लाजते आणि धागा परत आणून देते. ह्या गोष्टीत प्रभू येशूचे नाव नाही, तरी तिच्यात दया आहे, कृतज्ञता आहे, पश्चात्ताप आहे, आणि गरीब माणूस गोष्टीच्या मध्यभागी आहे. आम्ही ती निःशंकपणे मुलांच्या हाती देऊ.

दुसरे पुस्तक लाल नाकाच्या सांबराचे. ते १९३९ साली अमेरिकेतील शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड ह्या दुकानसंस्थेने गिऱ्हाइकांच्या मुलांना नाताळात फुकट वाटण्यासाठी आपल्या नोकराकडून, रॉबर्ट मे ह्यांच्याकडून, लिहवून घेतले. त्या एका वर्षी सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. मे ह्यांच्यावर टीका करण्याचे आमच्या मनात नाही. लहानपणी आपण दुबळे आणि एकाकी होतो ह्या आठवणीतून त्यांनी ते सांबर निर्माण केले, आणि त्याच वर्षी त्यांची पत्नी कर्करोगाने वारली. लेखकाचे दुःख खरे होते. पण गोष्टीचा न्याय पाहा. नाक लाल म्हणून त्या सांबराला सर्वजण हसतात, खेळात घेत नाहीत. मग एका रात्री दाट धुके पडते, लाल नाकाचा दिव्यासारखा उपयोग होतो, आणि तेच सांबर सर्वांचे लाडके होते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट सांगून झाल्यावर बोलताना अडखळणाऱ्या एका मुलाने बराच वेळ घेऊन विचारले, “फादर, पण त्या रात्री धुकं पडलंच नसतं तर?” वर्ग हसला नाही. आमच्या मते ह्या पुस्तकाचे ह्याहून अचूक परीक्षण होणे कठीण आहे. धुके पडले नसते तर ते सांबर आयुष्यभर कोपऱ्यात उभे राहिले असते, आणि गोष्टीला त्यात काही गैर वाटले नसते. कारण गोष्टीचे म्हणणे असे की जो उपयोगी पडतो तो मानाला पात्र होतो. हे बाजाराचे शास्त्र आहे आणि ती गोष्ट बाजारानेच जन्माला घातली. बेथलेहेमचे शास्त्र नेमके ह्याच्या उलट आहे. गव्हाणीतील बाळ कोणाच्या उपयोगी पडत नव्हते. त्यालाच ऊब हवी होती. मेंढपाळांना देवदूताने काही काम सांगितले नाही, आनंदाची वार्ता सांगितली. अडखळत बोलणाऱ्या, मंद चालणाऱ्या, परीक्षेत मागे पडणाऱ्या आमच्या मुलांना नाताळने सांगायचे ते हेच की तुम्ही धुके पडायच्या आधीपासून प्रिय आहात. हे न सांगणारे पुस्तक कितीही देखणे असो, ते नाताळचे पुस्तक म्हणवून घेण्यास अपुरे आहे. ते घरात असेल तर फाडून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. त्या मुलाचा प्रश्न मात्र पुस्तकाबरोबर विचारावा.

तिसरा विचार आपल्या वागणुकीचा. चित्रातल्या गाढवावर प्रेम करणारे आपण मुलावर रागावलो की त्याला ‘गाढवा’ म्हणतो, आणि मख्ख बसला तर ‘बैलोबा’. ज्या दोघांना यशयाने माणसापेक्षा शहाणे ठरविले, तेच आपल्या तोंडी शिव्या होऊन बसले आहेत. पुस्तकातले कोकरू छातीशी धरणारे मूल स्टेशनबाहेरच्या कुत्र्याला दगड मारते, आणि आपण पाहत राहतो. नाताळच्या जेवणात आमच्या ईस्ट इंडियन घरांत सोरपोतेल असते. चित्रपुस्तकांच्या गोठ्यात डुक्कर क्वचितच दिसते, ह्याची संगती मुले कधीतरी विचारणारच. त्या वेळी त्यांना उडवून लावू नये. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की अन्नासाठी आणि वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे रास्त आहे, परंतु त्यांना विनाकारण यातना देणे किंवा त्यांचे जीव वाया घालविणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला न शोभणारे आहे. प्राण्यांवर प्रेम करावे, पण केवळ माणसाला देय असलेले प्रेम त्यांना देऊ नये, आणि माणसांचे दैन्य निवारण्यासाठी अग्रक्रमाने खर्चावयाचा पैसा त्यांच्यावर उधळू नये, असेही तोच ग्रंथ बजावतो.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्यामागचे मानसशास्त्र सात शतकांपूर्वी ओळखले होते. जुन्या करारात जनावरांविषयी दयेचे नियम का घातले, ह्याचा विचार करताना ते म्हणतात की जो मुक्या जीवाच्या वेदनेने कळवळतो, त्याचे मन माणसाच्या वेदनेकडेही सहज वळते. मोशेच्या नियमाप्रमाणे मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधायचे नव्हते. प्रभू येशूनेही शब्बाथाचा वाद करणाऱ्यांना विचारले की तुम्ही आपला बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेत नाही काय. आमच्या संत एकनाथांनी काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा मराठी मुलांना सांगताना आम्हांला नेहमी वाटते की गव्हाणीजवळच्या गाढवाची ओळख करून देण्यास ह्याहून चांगली गोष्ट नाही. तेथे गाढव एक शब्दही बोलत नाही. त्याची तहान दिसते, आणि ती एका माणसाला दिसते, एवढेच.

१२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेचो ह्या गावी नाताळचा पहिला जिवंत देखावा केला, तेव्हाही प्राणी मुकेच होते. त्याने आपल्या एका मित्राकडून गवत आणि गव्हाणी मागवली, खराखुरा बैल आणि खरेखुरे गाढव आणवले, आणि त्या गव्हाणीवर मिस्सा झाली. आसपासचे गावकरी मशाली घेऊन जमले. बैलाने बैलासारखे उभे राहावे, गवत खावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेचो येथे नाताळच्या देखाव्यावरील आपल्या पत्रावर स्वाक्षरी केली. त्यात त्यांनी म्हटले आहे की देखाव्यात मुले आणि मोठी माणसे शुभवर्तमानात नसलेल्या आकृतीही मांडतात, आणि ते उचित आहे. येशूने आरंभलेल्या नव्या जगात माणसाचे जे जे आहे त्याला आणि प्रत्येक जीवाला जागा आहे.

येथे आमची शेवटची आणि सर्वांत मोठी चिंता सांगतो. प्राण्यांना जागा देताना माणसाची जागा तर जात नाही ना? अनेक नव्या पुस्तकांत मेंढपाळ उरलेलेच नाहीत. मेंढरेच एकटी ताऱ्याकडे चालत जातात. लेखकाला वाटते, मेंढरू गोजिरवाणे, मेंढपाळ कशाला? पण देवदूत मेंढरांशी बोलला नाही. रानात मुक्काम करून रात्री आळीपाळीने कळप राखणाऱ्या माणसांशी तो बोलला. आमच्याकडे ही माणसे अजून आहेत. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरे घेऊन घाट उतरतात, कोकणात भात कापलेल्या शेतांत मेंढरे बसवतात आणि त्या खताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घेतात. नाताळच्या रात्री ते कोठेतरी उघड्यावर असतात, लहान मुलांसह आणि घोड्यांवर लादलेल्या संसारासह. आमच्या मुलांना कोकरू ठाऊक आहे आणि हा माणूस ठाऊक नाही, असे झाले तर ते चित्रपुस्तक आपल्याला बेथलेहेमच्या वाटेवरून अलगद बाजूला घेऊन गेले असे म्हणावे लागेल.

ह्यावर उपाय पुस्तके बंद करण्याचा नाही. पुस्तके लिहिण्याचा आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ साली मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मराठी मासिक सुरू केले. त्या काळच्या मानाने ते केवढे साहस होते! आज आपल्या समाजात चित्रकार आहेत, कवी आहेत, शिक्षिका आहेत, आणि नातवंडांना मराठीत गोष्ट वाचून दाखविण्यास उत्सुक असलेल्या आज्या आहेत. इंग्रजी पुस्तकातले बर्फ त्यांना वाचता येत नाही. आपल्या गोठ्याच्या चित्रात बर्फाची गरजही नाही. नाताळच्या सुमारास ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरू लागतात. २०१५ साली तेथे त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली त्याला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पारसिकच्या डोंगरावर माकडे आहेत. ठाणे-कल्याणच्या तबेल्यांत म्हशी आहेत, आणि पहाटे तेथून दूध आणणारा भय्याही आहे. ही सारी मंडळी बाळ येशूच्या दर्शनाला आली तर संत लूकचा काही अवमान होणार नाही. मात्र पुस्तकाच्या मधल्या पानावर म्हशीबरोबर भय्या हवा, मेंढराबरोबर धनगर हवा, आणि शेवटच्या पानावर सर्वांनी बाळाकडे पाहिलेले हवे.

ज्यांना असे पुस्तक लिहिण्याची वा रेखाटण्याची प्रेरणा होईल त्यांनी ती पुढे ढकलू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आणि ज्यांना ते साधणार नाही, त्यांनी येत्या नाताळला निदान आपल्या घरातल्या मुलांबरोबर दहा मिनिटे बसून चित्रातला प्रत्येक प्राणी बोटाने दाखवावा, तो कोणाकडे पाहतो आहे ते विचारावे, आणि मग शुभवर्तमान उघडावे. मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरे देण्याचे धैर्य आणि त्यांच्या गोष्टी ऐकण्याइतका निवांतपणा प्रभूने आपणां सर्वांस द्यावा, हीच प्रार्थना.